१८ एमएम म्हणजे नक्की किती?

दुकानात १८ एमएम प्लाय मागा, १८ एमएमच मिळतो. बिलावर १८, शिक्क्यावर १८. जाडी मोजणारा व्हर्नियर लावला की एका कोपऱ्यात १७.४, दुसऱ्यात १७.७. मधल्या भागापर्यंत व्हर्नियर पोचत नाही, म्हणून तिथली अब्रू शाबूत. सुतारमिस्त्रींना याचं काही वाटत नाही. ते फळीचा तुकडाच बाजूवर उभा धरतात, पेन्सिलने दोन रेघा मारतात, पटाशी फिरवतात आणि विषय संपतो. सीएनसी राऊटरला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणाऱ्या मशीनला, पेन्सिलची रेघ दिसत नाही. त्याला आकडा लागतो, आणि आपण दिलेल्या आकड्यावर ते इतका आंधळा विश्वास टाकतं की आपल्यालाच संकोच वाटावा.

पुस्तकांचं साधं कपाट घ्या. उभ्या बाजूंमध्ये ६ एमएम खोल खाचा, त्यात आडव्या फळ्या. खाच किती रुंद? नवशिक्या १८ टाकतो आणि फळी खाचेत डुलत बसते. फळीची जी कड खाचेत जाणार तिची जाडी चार-पाच ठिकाणी मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा, त्यात ०.२ मिळवा. १७.७ असेल तर खाच १७.९. सनमायका लावणार असाल तर आधी चिकटवा, मग मोजा. दोन्हीकडून १ एमएमचा सनमायका आणि मधला फेव्हिकॉल धरला की तीच फळी २०च्या आसपास जाते.

आता बिट, म्हणजे मशीनमध्ये फिरणारं कापायचं पातं. ६ एमएमचं बिटही ६ असेलच असं नाही. धार लावून आलेलं असेल तर ५.९ सुद्धा भरतं. सॉफ्टवेअरमध्ये ६ लिहिलंत तर दोन्ही भिंती ०.०५ने आत राहतात, खाच ०.१ने अरुंद होते आणि दोष प्लायला जातो. म्हणून त्याच शीटच्या कातरणीत १७.७, १७.८, १७.९ अशा तीन खाचा शेजारी शेजारी मारा आणि प्रत्येकीखाली आकडा लिहा. फळी तळहाताच्या दाबाने बसली तर ते माप बरोबर. कोरडी असतानाच हातोडी मागत असेल तर गोंद लावल्यावर ओलाव्याने फुगते आणि अर्ध्यात अडते. मग तिला ना आत जायचं असतं, ना बाहेर यायचं.

कोलेटकडे, म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या पकडीकडे, कुणी बघत नाही, कारण ते दिसतच नाही. इंचाचे ८ सूत, म्हणजे पाव इंच २ सूत, म्हणजे ६.३५ एमएम. या कोलेटमध्ये ६ एमएमच्या दांड्याचं बिट आवळलं तर आवळल्यासारखं वाटतं, एवढंच. वर भुसा फेकणारं अपकट बिट कापता कापता स्वतःला खाली ओढून घेतं, कोलेटमधून हळूहळू सरकतं, आणि ६ एमएम खोलीने सुरू झालेली खाच पलीकडे पोचेपर्यंत ९ खोल झालेली असते. स्क्रीनवर मात्र शेवटपर्यंत ६.

यानंतर येतो जळका वास. वास आला की माणूस घाबरतो आणि फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हिशेब असा: १८००० आरपीएम (मिनिटाला फेरे), दोन धारांचं बिट, फीड मिनिटाला ६०० एमएम. म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०१७ एमएम लाकूड. एवढ्यात ती कापत नाही, घासते. घासली की तापते, तापली की बोथटते, बोथटली की आणखी घासते. फीड २४०० करा, वाटा ०.०६७ होतो, धुराऐवजी भुसा निघतो. मशीन हलकं असेल तर फीड न वाढवता आरपीएम उतरवा आणि एका पासात, म्हणजे एका फेरीत, ३ एमएमच खोल जा.

खाचेसाठी भुसा खाली ढकलणारं डाउनकट बिट घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. फळ्यांच्या खाचा वरच्या पापुद्र्याच्या रेषांना आडव्या जातात, आणि तो पापुद्रा इतका पातळ असतो की अपकट बिटाने त्याच्या कडेला झालर लागते. डाउनकट कड दाबून कापतं. भुसा मात्र खाचेतच ठासतं, म्हणून व्हॅक्यूमचा पाइप सोबत चालता ठेवा. खाच पुढच्या कडेआधी थांबत असेल तर तिचे कोपरे ३ एमएम त्रिज्येचे गोल राहणार. ते पटाशीने चौकोनी करा. मशीनच्या जमान्यातही मिस्त्रींची गरज लागतेच.

भोकांची तऱ्हा वेगळी. फळीच्या खुंट्यांसाठी ५ एमएमची भोकं, दोन भोकांत ३२ एमएम अंतर, पुढच्या कडेपासून ३७ एमएम आत, खोली १२. इथे ५ एमएमचं बिट सरळ खाली खुपसायचा मोह होतो. ते जागच्या जागी फिरत राहतं, भुसा अडकतो आणि भोकाची कड काळी पडते. त्यापेक्षा एक सुताचं, म्हणजे ३.१७५ एमएमचं बिट घेऊन गोल फिरत, जिन्यासारखं उतरवा. ड्रिलच वापरायचं असेल तर लक्षात ठेवा, मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल कंट्रोलरला जी८३ हा टोचत टोचत भोक पाडण्याचा कोड कळत नाही. त्याच्यासाठीचा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला मशीनच्या भाषेत कोड लिहिणारा भाग, निवडा, म्हणजे तेच काम तो साध्या हालचालींत लिहून देईल.

बिजागरीच्या वाटीचं ३५ एमएमचं भोक १२-१३ एमएम खोल जातं, खाली उरतात साडेचार. इथे झेडचा, म्हणजे उंची-खोलीचा, शून्य चुकला तर दाराला पलीकडे खिडकी. खाचा आणि वाट्यांसाठी शून्य प्लायच्या पृष्ठावर धरा, आरपार कापायला टेबलावर. टेबलावर शून्य धरून जाडी १८ लिहिलीत आणि प्लाय निघाला १७.४, तर ६ची खाच ५.४ होते. प्लाय मधे फुगलेला असेल तर तिथेही स्क्रूने दाबा, पण बिटाच्या वाटेत नको.

सगळं जमलं की राहतं एकच. कपाटाला एक डावी बाजू लागते आणि एक उजवी. एका बाजूची फाइल छान चालली म्हणून तीच पुन्हा चालवायची नसते. दुसरीसाठी आरसा-प्रतिमा करावी लागते, नाहीतर अत्यंत अचूक मापाच्या दोन डाव्या बाजू तयार होतात. त्या वाया जात नाहीत म्हणा. आणखी दोन उजव्या कापल्या की दोन कपाटं होतात, आणि घरात एकाचीच जागा असते.