कोळंबीची तपासणी होते, मग रोहूची का नको?

रॉटरडॅममध्ये, म्हणजे नेदरलँड्समधल्या माझ्या सध्याच्या शहरात, आंध्रची कोळंबी सहज मिळते. तिच्या तळ्यांमधले नमुने भारतातच प्रतिजैविकं आणि कीटकनाशकांच्या अंशांसाठी तपासले जातात, कारण युरोपची तशी अट आहे. २०१६ मध्ये तर युरोपीय संघाने भारतीय मत्स्यशेतीच्या मालाची आल्यावर होणारी नमुना-तपासणी १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. त्याच आंध्रचा, कोल्लेरू सरोवराच्या आसपासच्या तळ्यांतला रोहू-कटला बर्फात घालून आपल्याकडे विकायला येतो, त्याला अशी कडक चाळणी नाही. माझ्या ताटातल्या कोळंबीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी माझ्या भाच्यांच्या ताटातल्या रोहूची घेतली जात नाही, हे मला सहन होत नाही.

गावी गेलं की दोनच मतं ऐकू येतात. 'तळ्यातला मासा विषारी, तो खाऊच नये' आणि 'औषध कशात नाही? काय काय सोडणार?' मला दोन्ही पटत नाहीत. शेततळं कपाशीच्या किंवा डाळिंबाच्या बांधाला असतं. फवारा वाऱ्याने पाण्यावर जातो, पंप तिथेच धुतला जातो, पहिल्या पावसात रानातलं पाणी तळ्यात उतरतं. शिवाय माशांना उवा झाल्या की सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक थेट तळ्यात ओतणारेही आहेत. मात्रा जास्त झाली तर मासे मरून वर येतात आणि सगळ्यांना कळतं. खरी भीती कमी मात्रेची. डीडीटी, एंडोसल्फानसारखी टिकाऊ रसायनं माशाच्या चरबीत साठतात. मासा ताजा दिसतो, चवही बदलत नाही. एका जेवणाने कोणी आजारी पडत नाही, पण वर्षानुवर्षं खाणाऱ्या घरातल्या गरोदर बाईचा आणि लहान मुलांचा विचार व्हायलाच हवा.

परदेशात सगळं चोख असतं असं मात्र कोणी समजू नये. २०१७ मध्ये इथल्याच, नेदरलँड्समधल्या अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं. सरकारी यंत्रणेला आदल्या नोव्हेंबरातच निनावी खबर मिळाली होती, लोकांना कळायला जुलै-ऑगस्ट उजाडला. पण कळल्यावर अंड्यांवरचे क्रमांक जाहीर झाले. घरातलं अंडं कुठल्या फार्मचं, हे कोणालाही पाहता येत होतं.

आपल्याकडे कायद्यात कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या मासळी बाजारातून ठराविक काळाने नमुने घ्या, निकाल मराठीत लावा. दोष सापडला तर एकट्या तळेवाल्याला धरू नका. शेजारच्या रानात काय फवारलं आणि ते कोणी विकलं, तेही विचारा. तोवर घरी मासा साफ करताना कातडी, पोटातली चरबी आणि आतडी काढून टाका. त्याने सगळं जात नाही, पण चरबीत साठलेलं बरंच कमी होतं.