टेंडर मिळवून देतो, असं मी कुणालाच सांगत नाही

कंपन्यांना सरकारी कामांपर्यंत पोचवायचा व्यवसाय करतो म्हटलं, की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "साहेबांना किती द्यावे लागतात?" सहा वर्षं हे ऐकतोय. दर वेळी तितकंच लागतं.

मी टेंडर वाचतो. कागद जुळवतो, वेळेत भरून देतो. एवढंच माझं काम.

मिरजेच्या एमआयडीसीत एक काका शाळेची बाकं बनवतात. वेल्डिंगच्या जोडावरून बोट फिरवलं तर कळत नाही जोड कुठे आहे. पण माल जायचा एका व्यापाऱ्याच्या नावावर. टेंडरसोबत भरायची बयाण्याची रक्कम, म्हणजे ईएमडी, अडकेल, ही काकांची भीती. केंद्राच्या खरेदी धोरणात उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला ईएमडी माफ आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के वाटा अशांकडून घ्यायचा असतो. एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणारी, मोठी कंपनी असेल आणि आपला दर तिच्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत असेल, तर तिच्या दराला उतरून त्यातला हिस्सा मिळवता येतो. आणि ही सवलत बनवणाऱ्याला आहे, घेऊन विकणाऱ्याला नाही!

त्यांचं पहिलं टेंडर माझ्याच चुकीने गेलं. शुद्धिपत्रकात प्रतिज्ञापत्राचा नमुना बदलला होता, मी जुनाच अपलोड केला. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागद तपासणीत, बाद. काका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." त्या रात्री जेवण गेलं नाही. आता मुदतीच्या दिवशी सकाळी पोर्टल पुन्हा उघडल्याशिवाय मी चहाही घेत नाही.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलांना कळकळीने सांगतो, टक्केवारीवर काम घेऊ नका. वाचायची, भरायची ठरलेली फी घ्या. टक्क्यावर जगणाऱ्याच्या तोंडून "हे भरू नका" निघत नाही, आणि दहातल्या सहा टेंडरांना मला तेच सांगावं लागतं. उलाढालीची अट बसत नसताना भरणं म्हणजे गरिबाचे दिवस वाया घालवणं.

काम मिळाल्यावरचं दुखणं वेगळंच. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. काकांचं एक बिल सात महिने अडकलंय. व्याजाच्या मागणीचं पत्र मीच लिहून दिलं. "पुढची ऑर्डर जाईल रे," म्हणाले. पत्र अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहे.