डब्यातलं कूट आणि दरवर्षीचा तोच वाद

दर जूनला तेच! पालकसभेत बाई सांगतात, वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डब्यात दाणे नकोत. की लगेच कुरकुर. "एकासाठी सगळ्यांनी का सोसायचं?" "आमच्या वेळी नव्हती असली थेरं!"

तो 'एक' माझा मुलगा आहे हो. चिमूटभर कूट पोटात गेलं तरी काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, श्वास लागतो. गेल्या वर्षी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मिळेपर्यंत मी त्याला छातीशी धरून रिक्षात बसले होते. आणि मला सल्ला काय, तर थोडं थोडं चारा, सवय होईल! अहो, तसले प्रयोग घरी करायचे नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतात ते.

आपल्याकडे कूट कशात नसतं? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी. मलाही कळतं. घरी खा ना रोज! डब्यात तेवढं ओलं खोबरं घाला, चतुर्थीला राजगिऱ्याची वडी द्या. एवढंच मागतेय.

काल पुन्हा त्याच्या बाकावर चिक्कीचा चुरा सांडलेला होता.