कळव्याच्या खाडीत न आलेला देवमासा

गेल्या शनिवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. गढूळ पाणी, त्यातून एक काळपट पाठ वर येते, फुस्सकन श्वास सोडते आणि पुन्हा बुडते. खाली मजकूर: 'कळवा पुलाखाली देवमासा, आत्ताचा व्हिडिओ.' मी ठाण्याला कोपरीत राहते. वाचलं आणि तशीच निघाले.

पुलावर चाळीसएक माणसं कठड्याला रेलून खाली बघत होती. ओहोटी होती. दोन्ही बाजूंना उघडा पडलेला चिखल, त्यावर टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे), मधोमध पाण्याची चिंचोळी पट्टी. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई मला विचारत होती, "मेला तर नाही ना हो?" चेंदणी कोळीवाड्यातले एक काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "बाय, ओहोटीला हितं होरी टेकते चिखलान. तो आवरा मोठा मासा आला त जाल कसा?"

मग मी व्हिडिओ नीट पाहिला. मागच्या पुलावरून लाल दुमजली बस जात होती. हे लंडन, ही टेम्स नदी, आणि हे वीस वर्षांपूर्वीचं.

कळल्यावर लोक पांगले. जाता जाता एक तरुण म्हणाला, "माणसं मरतात तेव्हा कोणी धावत नाही, आणि माशासाठी पुलावर गर्दी. फुकटचा कळवळा नुसता." ते वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. मला ते पटलेलं नाही.

त्या लंडनच्या मादीची गोष्ट मला ठाऊक आहे, कारण माझा मावसभाऊ तेव्हा तिथे नोकरीला होता. 20 जानेवारी 2006, शुक्रवार. संसदेसमोरून एक देवमासा पोहत गेला. बाटलीसारख्या तोंडाची ही जात उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यातली, माखूल (स्क्विड) खाऊन जगणारी. टेम्समध्ये ती आल्याची नोंद 1913 पासून ठेवलेल्या दप्तरात एकदाही नव्हती. अभ्यासकांचा अंदाज असा की ती वाट चुकून उत्तर समुद्रात शिरली असावी. तिचं घर पश्चिमेला होतं, म्हणून ती पश्चिमेकडे पोहत राहिली आणि त्या दिशेला नदीचं तोंड लागलं. म्हणजे ती बरोबर दिशेनेच जात होती! हे वाचलं तेव्हा मला फार वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती अल्बर्ट ब्रिजजवळ टेकली. बचावपथकाचे स्वयंसेवक गार पाण्यात उभे राहून तिला ओलं ठेवत होते. हवा भरलेल्या तराफ्यांवर घेऊन, क्रेनने उचलून तिला बार्जवर ठेवलं आणि समुद्राकडे नेऊ लागले. संध्याकाळी सातच्या सुमारास वाटेतच ती गेली. भाऊ दोन्ही दिवस काठावर होता. तो सांगतो, लंडनमध्ये इतक्या अनोळखी माणसांशी तो त्याआधी कधीच बोलला नव्हता. सगळे एकमेकांना एवढंच विचारत होते की जगेल का. तिचा सांगाडा आज तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे.

वाचवायला गेलेल्यांचं चुकलं म्हणून ती गेली असं नाही. शवविच्छेदनात कारणं सापडली: शरीरातलं पाणी आटलेलं, स्नायू चिरडलेले, मूत्रपिंडं निकामी. हा जीव समुद्रात असून समुद्राचं पाणी पिऊन जगत नाही, त्याला लागणारं पाणी अन्नातून मिळतं. त्या नदीत माखूल नाही, म्हणजे पोटात अन्न नाही आणि पाणीही नाही. शिवाय पाण्यात तरंगणारं अंग जमिनीवर आलं की स्वतःच्याच वजनाखाली आतून दबत जातं. चरबीचा जो थर खोल समुद्रात ऊब देतो, तोच उघड्यावर शरीर तापवतो. बाहेरून शांत पडलेला दिसतो तेव्हा आत हे सगळं चाललेलं असतं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी आणि वनखात्याने धडपड केली, पण एवढं धूड हलवणार कसं? तो गेला आणि त्याला किनाऱ्यावरच पुरावं लागलं. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू आलं. दिवस-रात्र खपून त्याला खोल पाण्यात ओढून नेलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दोन-तीन दिवसांत ते मेल्याची बातमी आली. माझे वडील मूळचे अलिबागकडचे. रेवदंड्याची बातमी आली त्या रात्री ते जेवले नाहीत. आयुष्यभर मासे खाल्लेला माणूस. 'देव' म्हणायचं आणि दारात मरू द्यायचं, एवढंच ते बोलले.

मग वाचतच नाही का कोणी? वाचतो. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात एक कुबड्या देवमासा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून सॅक्रामेंटो नदीत शिरला आणि शंभराहून जास्त किलोमीटर आत गेला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं हम्फ्री. मागून होड्या लावल्या, पाण्यात लोखंडी नळ्या बडवल्या. शेवटी त्याच्याच जातीचे देवमासे भक्ष्य खाताना जे आवाज करतात त्यांचं ध्वनिमुद्रण पाण्याखाली वाजवलं आणि तो त्या आवाजामागे निघाला. जवळजवळ चार आठवड्यांनी, 4 नोव्हेंबरला, तो समुद्रात परतला. त्याची जात किनाऱ्याजवळच्या पाण्याला सरावलेली, आणि तो पाण्यात तरंगत राहिला. या दोन गोष्टी टेम्समधल्या मादीकडे नव्हत्या.

काही वेळा सोडवणं शक्यच नसतं, तेही मान्य करावं लागतं. मे 2021 मध्ये टेम्समध्येच रिचमंडच्या जलद्वाराशी देवमाशाचं एक पिल्लू अडकलं, सोडवल्यावर पुन्हा अडकलं आणि पशुवैद्यांनी त्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत केलं. ऑगस्ट 2022 मध्ये फ्रान्सच्या सीन नदीत शिरलेल्या पांढऱ्या बेलुगा देवमाशाचंही हेच झालं. सहा तास खपून बाहेर काढलेला, पण उपासमारीने खंगलेला. आपल्याकडे असं काही झालं तर लोक डॉक्टरवर धावून जातील, हे मला माहीत आहे. पण तडफड दोन दिवस लांबवण्यात दया आहे असं मला वाटत नाही. त्या डॉक्टरांचा निर्णय बरोबर होता.

आता फुकटच्या कळवळ्याबद्दल. 2024 च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो मरून पडले. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाली होती. तेव्हा नवी मुंबईकरांना हेच ऐकवलं गेलं, की पक्ष्यांसाठी काय रडता. ती माणसं पत्रं लिहीत राहिली, तळ्याकाठी उभी राहिली. पाणी पुन्हा आत आलं आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. सुरुवात मेलेले पक्षी बघून गलबललेल्या लोकांपासूनच झाली होती.

पुलावरच्या काकांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त मोठी वाटते. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन सापडला तर कोळी जाळं कापून त्याला सोडतात. 2018 पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग अशा फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतात, सोडतानाचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागतात. पण काका म्हणाले, "सुरी चालवताना पैशाचा इचार करायला येळ कुठं?" जाळं म्हणजे त्या घराचं पोट आहे. पुलावरून बघणाऱ्या आम्हा चाळीस जणांपैकी कोणी एवढं मोजलेलं नाही.

म्हणून त्या तरुणाला माझं सांगणं वेगळं आहे. तू कळवळ्याला हसू नकोस, त्याला थोडं शिकवू या. उद्या खरंच कोणी आपल्या खाडीत आलं, तर गर्दी करून गोंगाट करायचा नाही. सेल्फीसाठी होडी जवळ न्यायची नाही. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही. अंग ओलं ठेवायचं, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण ते त्याचं नाक आहे. आणि सगळ्यात आधी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन. ही आपली खाडी 2022 पासून रामसर यादीत आहे, जगाने तिला महत्त्वाची पाणथळ जागा मानलं आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ती लोकलच्या खिडकीतून नाक दाबूनच पाहिली आहे.

काका म्हणाले, त्यांच्या लहानपणी याच पाण्यात जिताडा मासा पोटभर मिळायचा. तो कुठे मिळायचा आणि आता तिथे काय उरलं आहे, ते दाखवायला ते तयार आहेत. येत्या रविवारी सकाळी सातला चेंदणी बंदरावर जमू या. मुलांना आणा. चिखलात चालतील अशा चपला घाला. आणि ज्या कोणी तो व्हिडिओ पाठवला त्यांनीही यावं, मला त्यांच्यावर राग नाही.