चांद्रयानाने गोफण फिरवली नव्हती

२३ ऑगस्ट, म्हणजे राष्ट्रीय अंतराळ दिवस, जवळ आला की एक मेसेज आपल्या मराठवाड्यातल्या शाळांच्या आणि आकाशप्रेमींच्या ग्रुपवर हटकून फिरतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘अमेरिकेने अपोलोत अफाट इंधन जाळून चार दिवसांत चंद्र गाठला. आपण चांद्रयान-३ पृथ्वीभोवती गोफणीसारखं फिरवलं. प्रत्येक फेरीला पृथ्वीने त्याला फुकट वेग दिला, इंधन वाचलं, शेवटी यान चंद्राकडे भिरकावलं गेलं आणि चंद्राने ते ओढून घेतलं. केरबलसारख्या रॉकेट उडवायच्या गेममध्येही हेच दिसतं.’ मोहीम गाजली ती योग्यच, पण तिच्याबद्दलची ही माहिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चुकलेली आहे. एकेक घेऊ.

‘पृथ्वीने प्रत्येक फेरीला वेग दिला’

आधी गोफणच बघा. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभा राहून पाखरं राखणारा वाटीत खडा ठेवतो, एक दोरी बोटाला अडकवतो, दुसरी चिमटीत धरतो, दोन-तीनदा गरगरा फिरवतो आणि चिमटी सोडतो. खड्याला वेग येतो तो मनगटातून, कारण हात खड्याच्या जरा पुढे राहून दोरी सारखी ओढत असतो. मनगट थांबलं की वेग वाढणंही थांबतं.

पृथ्वीला असं मनगट नाही. ती यानाला फक्त स्वतःच्या केंद्राकडे ओढते. लंबवर्तुळात यान खाली येताना वेग वाढतो आणि वर चढताना तेवढाच उतरतो. फेरीअखेर हिशोब शून्य.

यावर वाद घालण्यापेक्षा इस्रोने जाहीर केलेले आकडे बघावेत. १४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ रॉकेटने यान सुमारे १७० × ३६,५०० किमीच्या कक्षेत सोडलं, म्हणजे खालचं टोक १७० किमीवर आणि वरचं ३६,५०० वर. १५ जुलैला इंजिन पेटवल्यावर कक्षेचं वरचं टोक ४१,७६२ किमीवर गेलं. १७ जुलैची कक्षा ४१,६०३ × २२६ किमी, म्हणजे या खेपेला वरचं टोक थोडं खालीच आलं आणि खालचं टोक १७३ वरून २२६ वर चढलं. फेरीगणिक वेग मिळत असता तर हे कसं घडलं असतं? १८ जुलैला ५१,४०० किमी, २० जुलैला ७१,३५१ किमी. या शेवटच्या कक्षेत एका फेरीला जवळपास २४ तास लागतात. २५ जुलैपर्यंत यानाने तिथे पाचेक फेऱ्या मारल्या आणि कक्षा होती तशीच राहिली. २५ तारखेला इंजिन पेटलं, तेव्हा कुठे ती सुमारे १,२७,६०० किमीवर गेली.

खरी गोफण अंतराळात आहे, फक्त ती दुसरीकडे आहे. नासाच्या व्हॉयेजर-२ यानाने १९७९ मध्ये गुरूजवळून जाताना वेग घेतला, कारण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला १३ किमीने धावतो. ते धावणं म्हणजे मनगट. जपानच्या स्लिम यानाने ऑक्टोबर २०२३ मध्ये चंद्राजवळून जाताना असाच वेग घेतला होता, कारण पृथ्वीभोवती चंद्र सेकंदाला सुमारे १ किमी वेगाने फिरतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाला पृथ्वीचीच गोफण लागत नाही.

‘इंधन वाचलं’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, म्हणून आकडेमोड पूर्ण करू. १७० किमी उंचीवर गोल कक्षेचा वेग ७.८० किमी/से. तिथून चंद्रापर्यंत पोचणाऱ्या कक्षेसाठी १०.९४ किमी/से लागतो. फरक ३.१४. अपोलोला साधारण एवढाच लागला, चांद्रयानालाही एवढाच. त्यातला २.४८ चा वाटा रॉकेटने आधीच दिला होता, कारण ३६,५०० किमी टोकाच्या कक्षेत खालच्या टोकाला वेग १०.२८ असतो. उरले ६६२ मी/से.

खालचं टोक १७० किमीवरच आहे असं धरून वरची टोकं एकेक करून वाढवा. हप्ते पडतात ७५, १०५, १४०, १७७ आणि १६५ मी/से. बेरीज ६६२. एका दमात दिले असते तरी ६६२ च. हप्त्यांनी दिल्यामुळे एक मीटरही कमी झाला नाही. या ‘फुकट’ वेगासाठी ३,९०० किलोच्या यानाने हिशोबाने साडेसातशे किलो इंधन जाळलं.

मग हप्ते कशाला? इंजिन लहान होतं म्हणून. यानाला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागाचं, म्हणजे प्रणोदन मॉड्यूलचं, मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे युरियाची एक ४५ किलोची गोणी हातात धरायला लागतो तेवढा जोर. अपोलोला चंद्राकडे ढकलणाऱ्या टप्प्याचं इंजिन सुमारे ९०० किलोन्यूटनचं होतं, दोन हजार पट. त्याने सहा मिनिटांच्या आत काम उरकलं. आपल्या इंजिनाला ६६२ मी/से एका दमात द्यायला जवळपास दीड तास लागला असता. विहिरीवर तीन एचपीची मोटार असो की साडेसातची, हौद भरायला पाणी तेवढंच लागतं, वेळ मात्र वेगळा.

इथे मात्र एक फरक आहे, आणि खरी गोम तीच. विहिरीतलं पाणी वाट बघतं, यान बघत नाही. खालच्या टोकाजवळ ते सेकंदाला दहा किमीने पळतं आणि दीड तासाच्या ज्वलनात बराचसा जोर हजारो किमी वर, मंदावलेल्या यानाला मिळतो. तोच जोर वेगात असलेल्या यानाला दिला तर ऊर्जा जास्त वाढते, म्हणून तो तळाशीच द्यायचा. पंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका उभ्याने चढवणारी पोर नेमकं हेच करते: खाली येताना गुडघे मोडते, तळाशी ताठ होते, आणि झोका चढतो. उपमा हवीच असेल तर ती ही घ्या. पोर दमते, म्हणजे ऊर्जा कुणाची हेही तीच सांगते.

वाचलं ते मोठं रॉकेट. सॅटर्न-५ जवळपास तीन हजार टनांचं होतं, एलव्हीएम-३ साधारण ६४० टनांचं. हप्त्यांचा दुसरा फायदा मंगळयानात दिसला. नोव्हेंबर २०१३ मधल्या चौथ्या कक्षावाढीत १३० मी/से ऐवजी ३५ च मिळाले, कारण इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालू करून बघताना प्रवाहच बंद पडला. वरचं टोक ७८,२७६ किमीवर अडकलं. १२ नोव्हेंबरला एक जादा ज्वलन करून ते १,१८,६४२ किमीवर नेलं. एकाच दमात निघालेल्या यानाला ही उसंत मिळत नाही.

आणि अपोलोने इंधन ‘नासलं’ म्हणणाऱ्यांसाठी: त्यात माणसं होती. वारंवार फेऱ्या म्हणजे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून वारंवार जाणं, शिवाय चाळीस दिवसांचा प्राणवायू आणि जेवण.

‘चंद्राने ओढून घेतलं’

नाही. ५ ऑगस्टला इंजिन उलट दिशेने १,८३५ सेकंद चालवावं लागलं. गुणाकार करा: ४४० न्यूटन × १,८३५ सेकंद, भागिले त्या वेळचं साधारण ३,१०० किलो वजन, उत्तर २६० मी/से. एवढा ब्रेक लावल्यावर यान १६४ × १८,०७४ किमीच्या कक्षेत अडकलं. ब्रेक लागला नसता तर चंद्राला वळसा घालून निघून गेलं असतं.

‘गेममध्येही हेच दिसतं’

गेममध्ये उलटच दिसतं. केरबलमध्ये कोणतंही यान १०० × ५,००० किमीच्या कक्षेत सोडा, इंजिन बंद करा, वेळ पळवा. शंभर फेऱ्यांनंतरही टोक तिथेच. कुणी म्हणेल, गेम वेळ पळवताना कक्षा गोठवूनच ठेवतो. बरोबर आहे. मग प्रिन्सिपिया मॉड (गेमला जोडायची वेगळी भर) टाका, त्यात सगळ्या गोलांचं गुरुत्वाकर्षण एकदम मोजलं जातं. मुनच्या, म्हणजे गेममधल्या चंद्राच्या, ओढीने टोक थोडं इकडे-तिकडे होईल, फेरीगणिक वाढत जाणार नाही.

चांद्रयानाची युक्ती मात्र गेममध्ये झकास करता येते. ४ टनांचं यान घ्या: दोन एफएल-टी२०० टाक्या, म्हणजे २ टन इंधन, आणि खाली एकच ‘अँट’ इंजिन, २ किलोन्यूटनचं. डेल्टा-व्ही, म्हणजे सगळ्या इंधनातून मिळणारा एकूण वेगबदल, सुमारे २,१४० मी/से मिळतो, मुनपर्यंत जायला ८६० आणि तिथे थांबायला ३१० पुरतात. पण ८६० चं ज्वलन २५ मिनिटांचं, आणि ८० किमीवरची फेरी ३१ मिनिटांची. नवखे खेळाडू इथेच फसतात. नोडच्या, म्हणजे ज्वलनासाठी ठरवलेल्या जागेच्या, निळ्या खुणेवर नाक रोखून साडेबारा मिनिटं आधी इंजिन सुरू करतात. त्या वेळी यान नोडपासून जवळपास १४५ अंश मागे असतं, म्हणजे नाक बऱ्यापैकी उलट दिशेला. वेग वाढायच्या ऐवजी घटतो, खालचं टोक ७० किमीच्या खाली जातं आणि यान वातावरणात शिरतं.

त्यापेक्षा ज्वलनाचे सहा तुकडे करा, प्रत्येक चारेक मिनिटांचा. नोडच्या दोन मिनिटं आधी सुरू, दोन मिनिटं नंतर बंद, नाक नोडवर नाही तर प्रोग्रेडवर, म्हणजे यान त्या क्षणी जातंय त्या दिशेला. मध्ये पूर्ण फेरी जाऊ द्या. सौर पट्टी उघडायला विसरू नका. सावलीत बॅटरी संपली की यान वळणारच नाही.

शेवटच्या तुकड्याला मुन योग्य जागी हवा, आणि त्याची फेरी साडेअडतीस तासांची. म्हणून पाचव्या तुकड्यात दहा-वीस मी/से कमी-जास्त करून फेरीचा वेळ जुळवायचा आणि तो फरक सहाव्यात भरून काढायचा. चांद्रयानही २५ जुलैनंतर सुमारे ५१ तासांच्या तीन फेऱ्या इंजिन न लावता फिरलं, १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चंद्राकडे वळलं. पुढचा बराच काळ चंद्राभोवतीच गेला, कारण उतरायच्या जागी सूर्य उगवायचा होता. तो २३ तारखेला उगवला.