अमेरिकेचा आयफोन इथं ‘डबडं’? खुलासा

‘अमेरिकेतून आणलेला आयफोन इथं चालत नाही’ हा मेसेज लातूर-नांदेडच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धवट आहे. आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलला सिमची खाचच नाही. ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच चालू होणारं सिम) लागतं, आणि ते जिओ, एअरटेल, व्हीआय देतात. *#०६# दाबा: ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक), १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसेल; ई-सिम देताना कंपनी तेच मागते.

खरी गोम लॉकची. हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा तिकडच्या सिम कंपनीला बांधलेला असतो, दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तरच फोन आणणाऱ्या पाहुण्यांना पैसे पाठवा. ते लॉक तिकडची कंपनीच काढते. दुकानदाराची अनलॉक चिप सिमखाली बसते. इथं खाचच नाही, बसवणार कुठं?