सही कोण करणार?

परवा रात्री बेळगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, उद्यमबागेतनं ब्रॅकेट करून घेतलो बघ. आता पुढच्या चाकास्नी डिस्क ब्रेक बसवूलालोय. पॅड कुठले घेऊ तेवढं सांग." उद्यमबाग म्हणजे तिथली कारखान्यांची वसाहत. पाठोपाठ फोटो. शहापुरातल्या आमच्या परसात वडिलांची १९८४ ची पद्मिनी गाडी, पुढचं डावं चाक काढलेलं, बॉनेटवर फडक्यावर ठेवलेलं ते ब्रॅकेट. भोकं नेमकी, कडा घासून गोल केलेल्या. इतकं सुबक काम बघून मला अभिमान वाटला. मग गाडीखाली नजर गेली. एक जॅक आणि दोन विटा. पॅडचं नंतर बघू, आधी गाडी पेलणारे स्टँड आण, मगच गाडीखाली हात घाल, असं त्याला बजावलं.

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, आणि गाडीत फेरफार करण्यावरून गावाकडचा हा वाद मला दर सुट्टीत ऐकायला मिळतो. पोरं म्हणतात, आपल्याकडे साधं चाक बदललं तरी गुन्हा, तिकडे बघा लोक घरच्या गॅरेजमध्ये काय काय करतात. मोठी माणसं म्हणतात, ही सगळी हुल्लडबाजी, गाड्या जप्तच करायला पाहिजेत. दोघांचंही मला पटत नाही.

कायदा काय आहे ते आधी सांगतो. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातली माहिती विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालय म्हटलं की आपल्याला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नावरचा २००४ चा दावा आठवतो. पण त्याच न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, हे कलम कडकपणेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा केंद्राचा कायदा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे तो एकच आहे.

आता इथलं. जर्मनीत ब्रेकमध्ये मंजुरीशिवाय बदल केला तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपतो. म्हणजे "तिकडे सगळं चालतं" हे साफ चूक. फरक एवढाच की इथे 'नाही'च्या पुढे एक दार आहे. बदल करा, गाडी घेऊन या, अभियंता तपासेल, आणि पटलं तर आपल्या नावाने सही करून तो बदल गाडीच्या कागदावर चढवेल.

मी स्वतः त्या दारातून गेलोय. माझ्या जुन्या गोल्फ गाडीला पुढे मोठ्या डिस्क आणि नवे होज, म्हणजे ब्रेक ऑईलच्या लवचिक नळ्या, बसवले होते. तपासणीस साठीचा, फारसं न बोलणारा. त्याने गाडी वर घेतली, मला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवायला सांगितलं, मग पूर्ण उजवीकडे, आणि होजवरून अंगठा फिरवत राहिला. एका जागी थांबला. टॉर्च मारून मला दाखवलं. रिमच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ठिपका. वळणावर होज तिथे घासत होता. सहा महिन्यांत तो फाटला असता, आणि तेही नेमकं वळणावर. सही मिळाली नाही. क्लिप बदलून पुन्हा गेलो, ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर दोन्ही बाजूंचे आकडे जुळले, तेव्हा मिळाली. पैसे गेले, दोन सुट्ट्या गेल्या. पण तो ठिपका मला माझ्या डोळ्यांनी कधीच दिसला नसता. आपणच केलेल्या कामातली चूक आपल्याला दिसत नाही.

भाच्याच्या गाडीत असे ठिपके कुठे कुठे असतील, ते मी त्याला तासभर सांगत बसलो. आमच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ऑईलची लाईन एकच, म्हणजे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला लायनर आतून दाबतो, आणि फिरण्याच्या जोराने तो आपसूक आणखी दाबला जातो. डिस्क म्हणजे उघडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. तिला ती मदत नाही, म्हणून पाय जास्त लावावा लागतो आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलेंडरपेक्षा बराच मोठा. त्याला जास्त ऑईल लागतं, ते पॅडलने ढकलणारा जुना मास्टर सिलेंडर पुरवू शकला नाही तर पॅडल तळाला जातं. मास्टर सिलेंडर मोठा घातला तर पॅडल कडक होतं आणि मागच्या ड्रमचा हिशोब बदलतो. मागची चाकं आधी लॉक झाली की शेपूट फिरते. ब्रॅकेट कितीही सुबक असलं तरी यातलं काहीच त्यात दिसत नाही.

आणि गाडी शहापुरात थोडीच राहणार. पहिल्या रविवारी ती जांबोटीवरून चोर्ला घाटात जाणार. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी पिऊन जुनं झालं की १४० च्या आसपास. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते किती पाणी पीत असेल! उकळलं की वाफ, वाफ दबते, आणि पाय फळीपर्यंत जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, हे वडिलांनी मला आंबोलीच्या वळणावर शिकवलं. त्या दिवशीचा जळक्या लायनरचा वास अजून नाकात आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बेळगावात ओतकाम करणारे, लेथवर शतांश मिलिमीटरने माप काढणारे हात आहेत. असं ब्रॅकेट एका संध्याकाळी करून देणारा टर्नर मला इथे मिळत नाही. त्याच शहरात एक रोलर मशीन, गाडी खालून बघायला एक खड्डा आणि नावाने सही करणारा अभियंता असायला काय हरकत आहे? सरसकट बंदीने पोरं थांबत नाहीत, दार लावून काम करतात, आणि कुणाचा अंगठा त्या होजवरून फिरत नाही. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना तपासणी होतेच. तिथेच हे दार उघडता येईल. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही सरकारांनी निदान हे एक मागणं दिल्लीला एकत्र सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

आज ते दार नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, डिस्क बसवू नकोस. ब्रॅकेट कपाटात ठेव. कंपनीने दिलेलं आहे तेच आधी नव्यासारखं कर.

काल त्याचा पुन्हा फोन. स्टँड आणलेत. मागचा डावा ड्रम उघडला तर लायनर ऑईलने भिजलेला, व्हील सिलेंडरचं रबर फाटलेलं. "मामा, हे कधीपासनं गळूलालं होतं की रे. आणि मी पुढं डिस्क घालूलालो होतो." सगळे व्हील सिलेंडर, सगळे होज आणि नवं ऑईल एवढं आणायचं ठरलं. ऑईलच्या लाईनमधली हवा काढायला डिसेंबरात मी येतोय. एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, त्याला दोन माणसं लागतात.